पेटी ऑफिसरची बायको

बोरजाईवाडीत बायकांना त्यांच्या नावानं हाक मारायची पद्धत फारशी नव्हती. पलूसपासून कोसभर आत, कृष्णेच्या काठाला लागून ही वाडी. घरटी एक गडी पलटणीत, आणि मागं ऊस वाढवायचा तो म्हाताऱ्यांनी आणि बायकांनी, असा तिथला रिवाज. त्यामुळं कुणी सुभेदारीण, कुणी जमादारीण, कुणी हवालदारीण, कुणी नाईकीण. तिकडं नवऱ्याच्या दंडावर एक फीत वाढली की इकडं बायकोची पाणवठ्यावर जायची चाल बदलत असे.

ही उतरंड एकाच जागी बघायची असली तर संक्रांतीला बनुबाई सुभेदारणीच्या सोप्यात जावं. भिंतीला टेकून जाजमावर बनुबाई स्वतः आणि दोघी जमादारणी. त्यांच्यासमोर घोंगड्यावर हवालदारणी, त्यांच्या मागं नाईकणी, आणि मग शिपायांच्या बायका मिळेल तिथं. हा कायदा कुणी केला नव्हता, पण मोडतही कुणी नव्हतं. आणि सगळ्यांच्या शेवटी, उंबऱ्याला लागून, चंद्राबाई.

चंद्राबाईचा नवरा जोतीराम सरकारी नोकरीत होता, गणवेश घालत होता, लढाईसुद्धा बघून आला होता. पण तो पलटणीत नव्हता, आरमारात होता. पोरसवदा असताना साताऱ्याला भरतीला गेला तेव्हा त्याची छाती अर्ध्या इंचानं कमी भरली. तोंड कसं दाखवायचं म्हणून घरी न परतता तो थेट मुंबईला गेला, आणि गिरणीत काम शोधत हिंडताना गोदीच्या बाजूला आरमाराची भरती चाललेली त्याला दिसली. तिथं त्याची छाती पुरली. त्याला स्टोकर केलं, म्हणजे जहाजाच्या पोटात बॉयलरला जाळ घालणारा. वाडीला एवढंच समजलं की नाथाजीचा जोत्या बोटीवर भट्टी पेटवतो. मग त्याच्या बायकोला कुठं बसवायचं, हा प्रश्नच कुणाला पडला नाही.

चंद्राबाईला याचं फार वाईट वाटत होतं असं नाही. उंबऱ्याजवळ वारा चांगला येई आणि शेजारी हरणाबाई असे. हरणाबाईचा नवरा साधा शिपाई. दोघी एकमेकींच्या कानाला लागून हसत. फक्त कधीकधी, वाण घेऊन परत येताना, तिला वाटे की आपला माणूस नक्की काय करतो हे आपल्यालाच नीट सांगता येत नाही, तर दुसऱ्यानं त्याला मान द्यावा तरी कसा.

देशाला स्वराज्य मिळालं त्याच्या पुढच्या वर्षाची गोष्ट. जोतीराम विलायतेला गेला होता. सरकारनं इंग्रजांकडून एक मोठं लढाऊ जहाज विकत घेतलं होतं आणि ते आणायला इथून माणसं गेली होती. दिवाळीच्या सुमाराला त्याचं पत्र आलं. जहाज मुंबईला सुखरूप आलं, लवकरच मोठी रजा मिळेल, आणि मला पेटी ऑफिसर केलं आहे.

पत्र सासऱ्यानं वाचलं. नाथाजी चौथीपर्यंत शिकलेला, शिवाय वाडीच्या भजनी मंडळाचा म्होरक्या. शेवटच्या ओळीवर त्याचं बोट थांबलं. त्यानं ती ओळ पुन्हा वाचली आणि चष्मा काढून धोतराला पुसला.

"सूनबाई, आपला जोत्या पेटीचा अंमलदार झाला."

"पेटीचा म्हंजी, मामंजी?"

"आगं, पेटी. भजनातली. येवढ्या मोठ्या जहाजावर वाजंत्री नकोत व्हय? सायबाच्या म्होरं वाजवाया त्येला नेमलाय." म्हाताऱ्यानं चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "माज्या पोटी सूर हाय, त्यो कुटं जाईल?"

जोतीराम आंघोळीच्या वेळी गायला लागला की दावणीची जनावरं माना वर करत, हे चंद्राबाईला ठाऊक होतं. पण विलायतेत जाऊन माणूस काय काय शिकत असेल, कोण जाणे. आणि सासरा इतका खूष होता, की त्याच्या आनंदात खडा टाकायचं तिच्या जिवावर आलं.

सांजेपर्यंत ही खबर वाडीभर झाली. पारावर प्रश्न निघाला की मग ह्या जोतीरामाचा दर्जा कुठला? बनुबाईचे मालक हंबीरराव सुभेदार पेन्शनीत आले होते. रँकच्या बाबतीत त्यांचा शब्द अखेरचा. त्यांनी विचार करून निवाडा दिला.

"ब्यांडवाला. आमच्या पलटणीत बी व्हते. लढाईत जखमी उचलत्यात, लय जिगरीची माणसं. मान हाय त्येंना. पर रँक म्हणशील तर शिपायाचीच."

दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर हरणाबाईनं ते चंद्राबाईच्या कानावर घातलं. "मंजे आता तू माज्या बरूबर झालीस," ती म्हणाली. "एक हात म्होरं सरकलीस गं." दोघींनी घागरी काठावर ठेवल्या आणि पोट धरून हसल्या.

जोतीराम मार्गशीर्षात आला. स्टेशनवर बैलगाडी घेऊन नाथाजी स्वतः गेला होता. येताना वाटेत त्यानं पोराला काही विचारलं नाही, कारण त्याला गंमत करायची होती. त्यानं पलूसच्या भजनी मंडळाची पेटी मागून आणली होती, कापडात गुंडाळून मारुतीच्या देवळात ठेवली होती, आणि गुरुवारी सांजेला सगळ्या वाडीला आवतण दिलं होतं. चंद्राबाईलाही त्यानं तोंड न उघडण्याची ताकीद दिली होती. तिनं ती पाळली.

गुरुवारी देऊळ भरलं. पुरुष गाभाऱ्यासमोर, बायका खांबांच्या पलीकडं. चंद्राबाई हरणाबाईला चिकटून बसली होती. जोतीराम पांढरा सदरा घालून, पाया पडत पडत आत आला. तो आता चांगला भरला होता. साताऱ्याच्या भरतीवाल्यांनी आज त्याची छाती मोजायला हवी होती, असं तिच्या मनात येऊन गेलं. नाथाजीनं हाताला धरून त्याला मधोमध बसवलं आणि त्याच्या पुढ्यातलं कापड ओढलं.

"हं. धर सूर."

जोतीरामानं पेटीकडं बघितलं. मग बापाकडं. "आबा, म्या काय धरू?"

"आरं पेटी धर. सायबाच्या म्होरं वाजवतोस, मारुतीच्या म्होरं लाजतोस व्हय?"

क्षणभर जोतीरामाला काही कळेना. मग कळलं. त्याच्या मिशीखाली हसू आलेलं चंद्राबाईनं खांबाआडून पाहिलं आणि तिनं डोळेच मिटले. पण हसण्याचा आवाज आला नाही. डोळे उघडले तर जोतीराम बापाच्या डोक्यावरचा नवा फेटा बघत होता. त्या फेट्याची घडीसुद्धा अजून पुरती मोडली नव्हती.

"आबा," तो हळू म्हणाला, पण देऊळ इतकं शांत होतं की सगळ्यांना ऐकू गेलं. "चूक माजीच झाली. म्या पत्रात नीट लिवलं न्हाई. माज्या हुद्द्याचं नाव पेटी हाय, पर ह्या पेटीशी त्येचा संबंध न्हाई. त्यांच्या भाषेत पेटी म्हंजी धाकला. धाकला ऑफिसर."

"मंग तू वाजवत न्हाईस?"

"न्हाई, आबा."

मागं कुणीतरी खिदळलं. हंबीरराव सुभेदारांनी मान न वळवता नुसता हात वर केला, आणि खिदळणं बंद झालं.

"धाकला म्हंजी किती धाकला?" त्यांनी विचारलं. "नीट उलगडून सांग. आरमार म्हणल्यावर आमाला शिवाजी म्हाराजांचं ठावं. आताचं कसं आसतंय?"

जोतीराम सावरून बसला. त्याला भाषण करायची सवय नव्हती. सुरुवातीला तो अडखळला, पण एकदा जहाजाच्या आत शिरल्यावर त्याची वाट सरळ झाली.

"आपल्या आरमारात आता एक मोठं जहाज हाय, ज्ये आमी आणलं त्ये. क्रूझर म्हणत्यात. त्येच्या खालोखाल लहान लढाऊ जहाजं. मंग समुद्रातलं सुरुंग काढणारी, त्येच्याहून लहान. येक जहाज तर नुसती दर्याची मापं घेत फिरतं, खोल किती, खडक कुटं, आसं. फाळणी झाली तवा जहाजांची बी वाटणी झाली. काही तिकडं गेली. माज्याबरूबर भट्टीवर आसलेला येक गडी जहाजासंगट तिकडंच गेला. लय चांगला व्हता."

मग तो बोटांवर मोजू लागला.

"जहाजाचा मालक कप्तान. त्येच्या हाताखाली खाती. तोफांचं येक, इंजनाचं येक, निशाणं आन् तारेचं येक, कोठीचं येक. जहाज म्हंजी आख्खी पलटण आन् तिचं आख्खं गाव, दोन्ही येकाच लोखंडात. शिपाई तसा आमचा खलाशी. नाईक तसा लिडिंग. आन् हवालदार तसा पेटी ऑफिसर."

"हवालदार," हंबीरराव म्हणाले.

"व्हय जी."

"हाताखाली माणसं?"

"बॉयलरवर माज्या पाळीला जेवडी आसतील तेवडी. त्येंचं चुकलं तर जबाब माजा."

हंबीररावांनी मिशीवरून हात फिरवला. मग त्यांनी जे सांगितलं ते वाडीत आजवर कुणी ऐकलं नव्हतं.

"आमाला लढाईत बोटीनं आफ्रिकेला न्हेलं तवाची गोष्ट. म्या जमादार व्हतो. मुंबई सुटली आन् माजं आतडं तोंडाला आलं. धड उभं ऱ्हाता येईना, पोरांनी बघू नये म्हणून खाली कुटंतरी जिन्यात जाऊन पडलो. तितं येक गडी वर आला. अंगावर नुसती चड्डी, सगळा तेलानं काळा. त्येनं माजं डोकं मांडीवर घेतलं आन् पाण्यात लिंबू पिळून पाजलं. सुएज येईपातुर रोज पाजलं. कुटला, काय नाव, म्या इचारलं बी न्हाई. आमी उतरलो, त्यो परत खाली गेला." ते जरा हसले. "त्यो तुमच्यातलाच व्हता म्हणायचा."

"आसंल जी. खाली आमीच आसतो."

सुभेदार उठले, जोतीरामाच्या खांद्याला धरून त्यांनी त्याला आपल्या शेजारी, हवालदारांच्या पुढं बसवलं आणि म्हणाले, "नाथाजी, सूर तू धर. पेटी ऱ्हाऊ दे. आजवर काय तिच्यावाचून अडलं व्हतं?"

नाथाजीनं टाळ उचलले. त्याचा चेहरा उतरला आहे की काय, हे चंद्राबाई निरखून बघत होती. पहिलं कडवं तो जरा दबूनच म्हणाला. दुसऱ्याला आवाज मोकळा झाला. तिसऱ्याला तर त्यानं असा ताल धरला, की नवा फेटा सुटून खांद्यावर आला तरी त्याला पत्ता नव्हता.

मागून आणलेली पेटी आठवडाभर घरातच राहिली. जोतीराम दुपारी तिच्यापुढं बसून एका बोटानं पट्ट्या दाबी आणि नाथाजी कानांवर हात ठेवी. शेवटी म्हाताऱ्यानंच ती परत पोचवली. "हवालदार झालास त्येवडं पुरं," तो म्हणाला.

त्या आठवड्यात चंद्राबाईनं नवऱ्याला सोडलं नाही. देवळात जे ऐकलं होतं ते तिला अपुरं वाटत होतं. भाकरी थापता थापता ती विचारी आणि तो चुलीपाशी बसून सांगे. कप्तान जेवतो कुठं? आजारी माणसाला ठेवतात कुठं? वादळात चूल पेटते का? तो सांगत गेला तशी ती मनात घर बांधत गेली. कोणती खोली कुठं, कोणाचा जिना कोणता. कधी तो चुकून वेगळं सांगे तर ती म्हणे, "आवं, काल कोठीचा दरवाजा डाव्या अंगाला सांगितलासा." आणि तो डोकं खाजवून म्हणे, "व्हय, डाव्याच."

संक्रांत आली. या वेळी बनुबाई सुभेदारीण आवतण द्यायला स्वतः उंबऱ्यावर आली. "हवालदारणींत बसायचं," ती म्हणाली. "त्येंनी बजावून सांगितलंय."

चंद्राबाई नेसली ती हिरवी जरीकाठी. सोप्यात शिरली तेव्हा पाय आपसूक उंबऱ्याजवळच थांबले. हरणाबाईनं खालून तिच्या पोटरीला चिमटा काढला, "जा की." मग ती घोंगड्यावर जाऊन बसली. शेजारी सुलाबाई हवालदारीण होती. तिच्या नवऱ्याला हवालदारी मिळून थोडेच दिवस झाले होते आणि तो मान अजून तिला नवा होता.

"आमच्यांना फीत मिळाया लढाई लढावी लागली," सुलाबाई म्हणाली, समोर बघत, सगळ्यांना ऐकू येईल अशी. "भट्टीपाशी बसून हवालदारी मिळती, ह्ये आमाला ठावं नव्हतं."

पूर्वी असं कुणी बोललं असतं तर चंद्राबाईनं पदराशी चाळा केला असता. आज तिच्या मनात ते आख्खं जहाज उभं होतं.

"सुलाबाई, तुमच्या मालकांनी लढाई लढली, त्येला तोड न्हाई," ती म्हणाली. "पर आसं बघा. जहाजावर वरती तोफा चालत्यात, तवा खाली ह्येंची पाळी आसती. लोखंडी दारं बाहेरनं आवळून बंद करत्यात, पाणी आलं तर त्येवड्याच खोलीत ऱ्हावं म्हणून. आत आसतील त्ये आत. वर काय चाललंय दिसत न्हाई. नुसता आवाज येतो. आन् जाळ तर कमी होऊ द्यायचा न्हाई, कारन जहाज थांबलं तर सगळ्यांचंच थांबलं."

सुलाबाईनं पहिल्यांदा तिच्याकडं मान वळवली. "दारं बाहेरनं?"

"बाहेरनं."

"आगं बाई," एक नाईकीण मागून म्हणाली. "आन् उगडतं कोन मंग?"

"हुकूम आल्यावर उगडत्यात. लढाईत ह्येंच्यावर दोनदा तशी येळ आली व्हती." तिला स्वतःलाही ते याच रजेत कळलं होतं.

मग प्रश्नांना वाट फुटली. खाऱ्या पाण्यात प्यायला पाणी कुठनं आणतात? समुद्राचं उकळून, वाफेचं पाणी करून. निजतात कुठं? कापडाच्या झोळीत, पाळण्यासारखं. सणवार? करतात, कोठीवाला बरा असला तर गोडही होतं. एक जमादारीण ऐकू कमी यायची म्हणून जाजमावरून उठून पुढं आली. शिपायांच्या बायका मागून सरकल्या. हरणाबाई तर चंद्राबाईच्या मांडीलाच मांडी लावून बसली. तिचा नवरा त्या वेळी काश्मिरात होता. लढाई थांबल्याची बातमी आली होती, पण पत्र यायचं होतं. चंद्राबाईनं बोलता बोलता तिचा हात आपल्या हातात घेतला तो सोडला नाही.

"आता बास," बनुबाई अखेर हळदीकुंकवाची कुयरी घेऊन उभी राहिली. "समद्या येका ढिगात बसल्यासा, म्या कुंकू कुनाला पैलं लावू?" पण ती रागावलेली नव्हती. तिनं जी जवळ होती तिच्यापासून सुरुवात केली. ती एका शिपायाची नवी नवरी होती, आणि लाजून तिचं कपाळच वर होईना.

निघताना सुलाबाई दारात घुटमळली. तिनं आपल्या हातातला तिळगूळ चंद्राबाईच्या हातावर ठेवला. "आमच्यांना जहाज लय बाधतं म्हणं," ती म्हणाली. "लिंबू घ्यायचं, व्हय?"

"लिंबू. आन् आडवं पडून ऱ्हायचं."

रजेचे शेवटचे दिवस राहिले तेव्हा नाथाजीच्या उसाचं गुऱ्हाळ लागलं. दुसऱ्याच दिवशी चुलवाणाला जाळ घालणारा गडी तापानं पडला. बदली माणूस कुठून आणायचा म्हणून नाथाजी डोक्याला हात लावून बसला, तर जोतीरामानं सदरा काढून खुंटीला अडकवला आणि चुलवाणाच्या खड्ड्यात उतरला.

चंद्राबाई सकाळी भाकरी घेऊन गेली. काहिलीतला रस पिवळा होऊन उसळत होता. गूळ करणारा गुळव्या काठीनं मळी काढत होता आणि अधूनमधून "जाळ", "कमी", "दम धर" एवढंच म्हणत होता. खाली जोतीराम घोट्यापर्यंत राखेत उभा होता. अंगावर घामाच्या रेघा, केसांत पिळल्या उसाच्या चिपाडाचा भुसा. तो चिपाडं टाकत होता पण जाळाकडं फारसा बघत नव्हता. मान जरा तिरपी करून तो जाळाचा आवाज ऐकत होता. गुळव्यानं "कमी" म्हणायच्या आधीच त्याचा हात थांबायचा. गुळव्या म्हातारा, कुणाचं कौतुक करणारा नव्हे. त्यानंही एकदा खाली वाकून बघितलं आणि परत मळी काढायला लागला.

चंद्राबाई टोपली डोक्यावर तशीच ठेवून उभी राहिली. एवढी वर्षं हा माणूस रजेवर यायचा तो धुतल्या कपड्यांत, पाहुण्यासारखा. कामात असताना तिनं त्याला आज पहिल्यांदा बघितलं.

"तिकडं बी आसंच आसतं?" तिनं विचारलं.

"चिपाडाजागी तेल जळतं. आन् वर आभाळ नसतं." त्यानं दंडानं कपाळ पुसलं आणि तिच्याकडं बघून हसला. "बाकी आसंच. वर येक म्हातारा वरडत आसतो."

"कुनाला म्हातारा म्हनतोस रं?" गुळव्या वरून म्हणाला.

"कप्तानाला, आण्णा."

चंद्राबाईनं टोपली खाली ठेवली, पदर खोचला आणि खड्ड्यात उतरली. "तुमी भाकरी खावा तवर. जाळ म्या बघती."

"जमंल?"

"सांगा की कसं ऐकायचं त्ये."

त्यानं हात धरून तिला चुलवाणाच्या तोंडापाशी उभं केलं. आच तोंडावर आली. सुरुवातीला तिला नुसता धडधडाट ऐकू आला. मग तो म्हणाला, "आता घुमतंय, ऐकतीस? आता घालू नगंस." आणि खरंच, त्या धडधडाटाच्या आत एक जाड, भरलेला आवाज होता, मोठ्या जात्यासारखा. तो बारीक होऊ लागला तेव्हा तिनं चिपाडांची एक कवळ उचलून आत ढकलली. जाळानं ती घेतली.

जोतीराम काठावर पाय सोडून बसला. भाकरीवर झुणका घेऊन खाऊ लागला. वर गुळव्यानं काहिलीत काठी फिरवली, थोडा रस बोटांवर घेऊन ताणून बघितला आणि म्हणाला, "बरं चाललंय. हाय तसाच ठेवा."